एकट्याने अस्वलाच्या शिकारीला निघण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

या मे महिन्यात अमेरिकेतल्या पश्चिम मोंटानात काळ्या अस्वलाच्या शिकारीला एकटाच जायचं तू ठरवलं आहेस. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. एकट्याचा आवाज कमी, वास कमी, आणि एका जागी सहा तास बसायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. पण रायफल आणि दुर्बिणीचा विचार करण्याआधी वजनाचं गणित कर. नवखे लोक गोळी कुठे मारायची याचा महिनाभर विचार करतात आणि गोळी लागल्यानंतरच्या दीड दिवसाचा विचारच करत नाहीत.

वसंतातला मध्यम नर धर ९० किलोचा. हाडं काढून मांस निघतं ३० ते ३५ किलो. पंजे आणि डोकं ठेवून सोललेलं कातडं १६ ते २० किलो. म्हणजे ५० किलो झाले. तुझा तंबू, झोपायची पिशवी, चूल, शिधा आणि रायफल मिळून आणखी १५ ते १८. हे तीन खेपांचं ओझं आहे. तीन खेपा म्हणजे ती वाट पाच वेळा: तीनदा भरल्या पाठीने बाहेर, दोनदा रिकाम्या पाठीने परत आत. जागा गाडीपासून ४ किलोमीटरवर असेल तर २० किलोमीटर चाल झाली, तीही आडवी पडलेली झाडं आणि भुसभुशीत बर्फ तुडवत. म्हणून पहिल्या हंगामात ४ किलोमीटरच्या पुढे जाऊ नकोस. आणि ज्या घळीतून ओझं घेऊन वर चढूनच बाहेर पडता येतं, त्या घळीत अस्वल कितीही मोठं दिसलं तरी गोळी झाडू नकोस. नकाशावर या दोन्ही गोष्टींची रेघ घरी बसूनच मार. डोंगरावर अस्वल समोर आल्यावर ती रेघ मारायचं भान राहत नाही.

आता कागदपत्रं. तू अजून व्हिसावर असशील तर हे नीट वाच. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे परवान्याची मुदत संपली की कपाटातली रायफलही बेकायदा ठरू शकते, आणि असा डाग ग्रीनकार्डाच्या अर्जापर्यंत पोचतो. बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडून हे लेखी समजून घे. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना मोंटानात शिकारी-शिक्षणाचा कोर्स लागतो, आणि अस्वलाच्या परवान्यासाठी काळं अस्वल व ग्रिझली (इथलं दुसरं, तपकिरी अस्वल) यांतला फरक ओळखण्याची चाचणी वेगळी द्यावी लागते. वसंताचा हंगाम १५ एप्रिलला उघडतो. बंद होण्याची तारीख विभागागणिक वेगळी असते: कुठे मे महिन्यातच, कुठे १५ जूनला. काही विभागांत माद्यांचा कोटा भरला की हंगाम आधीच बंद होतो, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी स्थिती तपासायची. आमिष टाकून शिकार करायला इथे बंदी आहे. पिल्लं आणि पिल्लांसोबतची मादी मारायलाही बंदी आहे.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपलं अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे घरी हा विषय काढशील तेव्हा आईबाबा दचकतील, ते साहजिक आहे. त्यांना सांग की इथे जीवशास्त्रज्ञांच्या मोजणीवरून परवाने आणि तारखा ठरतात. आणि नखं किंवा कातडं पुण्याला न्यायचा विचार मनातही आणू नकोस. अमेरिकन काळं अस्वल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, सामानात नखाचा तुकडा सापडला तरी प्रकरण होतं.

ग्रिझलीबद्दल सावकाश वाच, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. अलास्का वगळता बाकी अमेरिकेत ग्रिझली १९७५पासून संरक्षित आहे. पश्चिम मोंटानातल्या कुठल्याही खोऱ्यात 'इथे ग्रिझली नसतो' असं गृहीत धरू नकोस. रंगावरून तर अजिबात ओळखू नकोस. इथली कितीतरी काळी अस्वलं तपकिरी, दालचिनीच्या रंगाची, काही तर पिवळट असतात, आणि गडद ग्रिझलीही असतात. चार गोष्टी एकत्र बघ. पहिली, ग्रिझलीच्या खांद्यांवर बैलासारखं वशिंड असतं. काळ्या अस्वलाला ते नसतं, त्याचा सर्वांत उंच भाग बहुधा पाठीचा मधला किंवा ढुंगणाकडचा असतो. दुसरी, बाजूने बघितल्यावर ग्रिझलीचा चेहरा कपाळ आणि नाकाच्या मध्ये बशीसारखा खोलगट, काळ्याचा कपाळापासून नाकापर्यंत सरळ. तिसरी, ग्रिझलीचे कान आखूड आणि गोल, काळ्याचे उंच आणि जरा टोकदार. चौथी, ग्रिझलीच्या पुढच्या पायाची नखं दोन ते चार इंच लांब आणि बहुधा फिकट, त्यामुळे लांबूनही चमकतात. काळ्याची दोन इंचांच्या आत, वाकडी आणि गडद. यातली एकच खूण बघून निर्णय घेऊ नकोस. डोकं खाली घालून चरणाऱ्या काळ्या अस्वलाचे खांदे वर येतात आणि वशिंडाचा भास होतो. मावळत्या उन्हात तर काळ्याचा तपकिरी आणि तपकिरीचा सोनेरी होतो.

ठशावरूनही कळतं. पुढच्या पंज्याच्या ठशावर एक सरळ काडी ठेव: सर्वांत मोठ्या बोटाच्या खालच्या कडेपासून तळव्याच्या वरच्या कडेला टेकवून पलीकडे. सर्वांत लहान बोटाचा अर्ध्याहून जास्त भाग काडीच्या खाली आला तर बहुधा काळं अस्वल, वर राहिला तर ग्रिझली. ग्रिझलीच्या नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे उमटतात. ताजा ग्रिझलीचा ठसा दिसला तर तू एकटा आहेस, खोरं बदल.

कुठे शोधायचं? हिवाळाभर काही न खाता निजलेलं अस्वल बाहेर आलं की पहिले आठवडे सुस्त असतं आणि त्याला हवा असतो कोवळा हिरवा पाला. मोठे नर आधी निघतात, एप्रिलमध्ये. पिल्लंवाल्या माद्या सर्वांत शेवटी. म्हणून तू बर्फाच्या रेषेच्या मागे मागे वर सरकायचंस. एप्रिल अखेरीस दक्षिणेकडे तोंड करून असलेले खालचे उतार हिरवे होतात. मेच्या मध्यात तीच हिरवळ दोन-तीनशे मीटर वर गेलेली असते. बर्फ वितळून मोकळ्या झालेल्या पट्ट्याच्या कडेला ग्लेशियर लिली उगवते, अस्वलं तिची पानं-फुलं खातात. हिमलोटांनी झाडं झोपवून टाकलेल्या घळी, झऱ्याकाठची ओल, जळून गेलेल्या जंगलातलं नवं गवत, या सगळ्या जागा बघण्यासारख्या आहेत. पण नवख्याने सुरुवात करावी ती जुन्या लाकूडतोडीच्या बंद रस्त्यांवर. धूप थांबवायला तिथे पूर्वी गवत आणि क्लोव्हर पेरलेलं असतं, ऊन पडतं, डँडेलियन माजतो. फाटकामागच्या अशा रस्त्यांवर मोटारीला बंदी असली तरी सायकलला बहुधा परवानगी असते, फाटकावरची पाटी वाचून खात्री करून घे. सायकलीमागे छोटी गाडी जोडलीस तर मांसाच्या खेपांचा प्रश्न निम्मा सुटतो. मात्र १९६४च्या कायद्याखालच्या विल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे राखून ठेवलेल्या रानात, सायकलही चालत नाही, ती सीमा नकाशावर बघून ठेव.

रस्त्यावर विष्ठा बघत चाल. गवत खाणाऱ्या अस्वलाची विष्ठा हिरवी, तंतुमय, जवळजवळ घोड्याच्या लिदीसारखी असते. ओली आणि चकाकणारी असेल तर आजची, वरून काळवंडून आत हिरवी असेल तर दोन-तीन दिवसांची. अर्ध्या किलोमीटरात तीन-चार वेगवेगळ्या वयाच्या सापडल्या तर अस्वल या जागेला धरून आहे. तिथे हिंडू नकोस. समोरच्या धारेवर चढून बस.

अस्वलाची शिकार नव्वद टक्के बसण्याची आहे. १०×४२ची दुर्बीण तिपाईवर लाव. हातात धरून दोन तासांत डोळे थकतात आणि तू नुसता डोंगर बघत राहतोस. समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने बघ, संपला की पुन्हा पहिल्यापासून. अस्वल झुडपातून अर्धा मिनिट बाहेर येतं आणि पुन्हा दहा मिनिटं दिसत नाही, त्यामुळे एकदा बघितलेला उतार बघून झाला असं होत नाही. सांबर-हरणांच्या शिकारीत पहाटेचं महत्त्व असतं, इथे दुपारी चारनंतरचं. मेच्या मध्यात पश्चिम मोंटानातल्या मिझुला शहराच्या आसपास सूर्य रात्री ९च्या सुमारास मावळतो, आणि शेवटच्या तीन तासांत सर्वांत जास्त अस्वलं दिसतात.

यातच एकट्याची अडचण आहे. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी मारता येते. पण साडेनऊला मारलेलं अस्वल म्हणजे ग्रिझलीच्या मुलखात, अंधारात, रक्ताच्या वासात एकट्याने चार तास सुरी चालवणं. त्यापेक्षा स्वतःपुरती वेळ ठरव. मी साडेसात म्हणेन. त्यानंतर दिसलेलं अस्वल बघ, जागा टिपून घे, उद्या ये. गवताला धरून असलेलं अस्वल त्याच उतारावर बरेचदा पुन्हा येतं.

दिसल्यावर लगेच उठू नकोस. आधी अर्धा तास नुसतं बघ. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत जन्मतात, मेमध्ये ती गवतात बुडून जाण्याइतकी छोटी असतात, आणि मादी त्यांना झाडावर चढवून स्वतः चरायला उघड्यावर येते. ती वारंवार एकाच झाडाकडे वळून बघत असेल तर पिल्लं तिथे आहेत. नर-मादी ओळखायला शिक: मोठ्या नराचं डोकं रुंद, कान लहान आणि एकमेकांपासून दूर वाटतात, पोट जमिनीजवळ, पुढचे पाय जाड, चाल झोकदार. कान मोठे आणि उभे दिसत असतील तर अस्वल लहान आहे. जूनमध्ये आईपासून नुकतीच सुटलेली, दीड वर्षांची पोरकी अस्वलं रस्त्यांवर एकेकटी हिंडतात. दुर्बिणीतून तीही मोठी वाटतात. शंका आली तर सोडून दे.

निघण्याआधी समोरच्या उताराचा फोटो काढ आणि अस्वलाजवळची एक ठळक खूण पक्की कर, वठलेलं झाड किंवा पांढरा खडक. पलीकडे पोचल्यावर तोच उतार ओळखू येत नाही. वाऱ्याचं गणित सह्याद्रीत भटकलेल्याला समजावायची गरज नाही: ऊन तापलं की वारा वर, सावली पडली की खाली. संध्याकाळी उतार सावलीत जातो त्या वेळी वारा दहा मिनिटांत फिरतो, म्हणून बाजूने जा, सरळ वरून किंवा खालून नको. छोट्या बाटलीतली पावडर उडवून दर शंभर पावलांवर बघ. अस्वलाची नजर माणसाइतपत असते, त्याला तू ओझरता दिसलास तरी फारसं बिघडत नाही. नाकाला मात्र तू एकदा लागलास की ते अस्वल त्या दिवशी तरी संपलं.

रायफल .३०८ किंवा .३०-०६ पुरेशी आहे, १६५ ते १८० ग्रेनची, आत शिरून न फुटणारी बाँडेड गोळी. मोठ्या कॅलिबरचा धक्का नेम बिघडवतो. तुझं अंतर बाकावरच्या सरावावरून ठरवू नकोस. पाठपिशवीवर रायफल टेकवून, चढून आल्यावर धाप लागलेली असताना, २० सेंटिमीटरच्या ताटलीवर दहापैकी दहा गोळ्या ज्या अंतरावर बसतात ते तुझं अंतर. बहुतेकांचं ते २०० यार्डांच्या आत येतं. अस्वल पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं होईपर्यंत थांब, आणि अलीकडचा पुढचा पाय पुढे पडू दे. पायाच्या मागच्या कडेला लागून, छातीच्या उंचीच्या मध्यावर नेम धर. लांब केसांमुळे छाती खरी आहे त्यापेक्षा खाली दिसते, खाली धरलेली गोळी नुसते केस कापते. फार मागे गेलेली गोळी पोटात बसते आणि ते अस्वल दाट झाडीत शिरतं. ते पायावर उभं आहे तोवर दुसरी गोळी मार. पहिली चांगली लागली अशी खात्री वाटली तरी.

मग हलू नकोस. ते जिथे उभं होतं ती जागा आणि शेवटचं जिथे दिसलं ती जागा, दोन्ही जीपीएसवर टिपून घे. काही वेळा मरताना लांब कण्हल्यासारखा आवाज येतो, तो ऐकून घाबरू नकोस, ती मृत्यूची खूण आहे. तरीही अर्धा तास थांब. चरबी आणि केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे माग काढताना जमिनीपेक्षा गुडघ्याच्या उंचीवरच्या पानांवर बघ आणि प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा अडकव. मागे वळून बघितलं की तुकड्यांच्या रांगेवरून दिशा कळते. अस्वलाजवळ वरच्या बाजूने जा, रायफल तयार ठेवून लांब काठीने डोळ्याला स्पर्श कर. पापणी हलली नाही की मगच जवळ बस. आधी परवान्यावरचा टॅग पूर्ण कर, मग सुरी काढ. ४८ तासांच्या आत शिकारीची नोंदही करायची आहे.

घाई आहे ती उष्णतेची. मेमधल्या दुपारी २० अंश तापमान असतं, आणि ते कातडं म्हणजे गोधडी आहे. बराच वेळ तसंच राहिलं तर केस सुटायला लागतात आणि मांसाला वास धरतो. उतारावर अस्वल घसरू नये म्हणून एक पाय दोरीने झाडाला बांध, ६ मिलिमीटरची १५ मीटर दोरी याच कामासाठी. गुदद्वारापासून हनुवटीपर्यंत मधोमध चीर, चारही पायांच्या आतल्या बाजूने तळव्यापासून त्या चिरेपर्यंत. लिंगाचा पुरावा कातड्याला जोडलेला राहिला पाहिजे, तिथे सुरी वळवून घे. पंजे मनगटाच्या सांध्यात सोडव आणि कातड्यातच ठेव, ते घरी उजेडात सोलायचे. पाती बदलायची सुरी झकास चालते, पण पाती सांध्यात मोडतात. सांध्यांसाठी एक जाड पात्याची सुरी वेगळी ठेव आणि मोडलेलं पातं मोजून परत पिशवीत टाक. पोट न फाडताही पुठ्ठे, खांदे, पाठीचं आणि मानेचं मांस काढता येतं. एकट्याला तीच पद्धत सोपी. मांस जाळीदार कापडी पिशव्यांत घाल, पाच लागतात. प्लॅस्टिकमध्ये काहीही घालू नकोस, कातडंसुद्धा. मांस मागे टाकून फक्त कातडं आणणं मोंटानात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला ते करू दिलं नसतं.

हे सगळं करताना अस्वल-स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) छातीवर असू दे, पिशवीत नाही. तो ८-९ मीटरवरच काम करतो, म्हणजे शोधायला वेळ मिळत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी मान वर कर, मोठ्याने बोलत राहा. कातडं निघालं की पहिलं काम, मांसाच्या पिशव्या उरलेल्या सांगाड्या-आतड्यांपासून किमान १०० मीटर दूर ने, अशा मोकळ्या जागी की परत येताना २०० मीटरवरून दिसतील. फांदीवर टांगता आल्या तर जमिनीपासून ३ मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब. तुझा तंबू तिथून निदान अर्धा मैल दूर. दुसऱ्या खेपेला येताना लांबून दुर्बिणीने बघ, हाका मारत ये. ग्रिझलीने ताबा घेतला असेल तर मांस त्याचं. मागे फिर आणि वन्यजीव विभागाला कळव.

अस्वलाइतकीच इतर गोष्टींचीही काळजी घे. ओढे बर्फ वितळल्याने संध्याकाळी फुगतात. सकाळी गुडघाभर पाण्यातून गेलास म्हणून रात्री ओझं घेऊन तिथूनच येता येईल असं नाही. दुपारच्या उन्हात घळींमधलं ओलं बर्फ सुटतं, घळीच्या तोंडाशी बसू नकोस. गोचिडी रोज संध्याकाळी अंगावरून तपास. रॉकी माउंटन स्पॉटेड फिव्हर गोचिडीतून पसरतो हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६मध्ये दाखवलं, तेव्हा या तापाने बेजार झालेलं बिटररूट खोरं तू जिथे हिंडणार आहेस तिथलंच. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आधी सांग.

सॅटेलाइट मेसेंजरवरून रोज रात्री दहाला एक संदेश. घरच्या एका माणसाकडे कागदावर: गाडी कुठे, तंबू कुठे, कुठला उतार, आणि 'सकाळी दहापर्यंत काही कळलं नाही तर काउंटी शेरीफला फोन कर', कारण मोंटानात शोधकार्य त्यांच्याकडे असतं. तोच कागद गाडीच्या काचेमागेही ठेव. सुरी निसटली तर म्हणून टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, खिशात, आणि एका हाताने बांधायचा सराव घरी दहा वेळा.

शेवटी स्वयंपाकघर. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाची कृमी असू शकते, आणि थंड प्रदेशातली तिची एक जात फ्रीझरमध्येही मरत नाही. त्यामुळे अर्धकच्चा स्टेक नाही, धुरावर वाळवलेलं मांस नाही. आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस, म्हणजे १६० फॅरनहाइट, थर्मामीटरने बघ. आपल्याकडे प्रेशर कुकर आहे, हा प्रश्न सोपा होतो: जाड तुकडे, आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी लगेच गरम पाण्याने धू, कोथिंबीर त्यावर चिरू नकोस. आणि मित्रांच्या घरी पाकीट देशील तेव्हा त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिही: अस्वल, पूर्ण शिजवा, १६०.